शॅग लेजची नोंदवही

टिबेट्स कोव्हच्या इस्पितळात माझी रात्रपाळी असते,
आणि मंगळवारी, झोप पुरी झाली असेल तर,
मी वाचनालयाच्या तळघरात बसून
दीपगृहांच्या जुन्या नोंदवह्या उतरवून घेते.
कुणी सांगितलेलं नाही. हिवाळा मोठा आहे इथला.

बाहेर मेनचा किनारा: काळी, दातेरी खडपं,
फुटक्या बशीची कड असावी तशी,
आणि मैलामैलावर एकेक पांढरा मनोरा,
आता बहुतेक कुलूपबंद.
शॅग लेज त्यातलं सगळ्यात लांबचं.
शॅग म्हणजे पाणकावळा.
झाड नाही, माती नाही,
दोन माणसं, एक गाय आणि घंटा.

सन १८८४. ॲसाफ बीलचं अक्षर टपोरं,
सावकाराच्या चोपडीतल्यासारखं:
दिवा लावला, चार वाजून अकरा मिनिटं.
तेल इतकं. वारा ईशान्य.
दिवा विझवला, सात वाजून दोन.
लावला. विझवला.
पानामागून पान.
माझं बोट दर ओळीला अडखळतं.
आमच्याकडे दिवा विझला म्हणायचं नाही,
शांत झाला म्हणायचं,
आणि फुंकर तर मारायचीच नाही.
पण ॲसाफला काय त्याचं.
त्याला पगार विझवण्याचाही होता.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला अक्षर बदलतं.
बारीक, उजवीकडे कललेलं,
वाऱ्यात उभं राहून लिहिल्यासारखं.
सही नाही.

नवऱ्याला ताप. दिवा लावला.
धुकं. घंटेचं यंत्र गोठलं, हाताने वाजवली.
एकोणीस तास.

दुसऱ्या दिवशी:
काच पुसली. भिंगात मी उलटी दिसते.

पुढे कधीतरी:
लाट स्वयंपाकघरातून गेली.
कोबीसाठी बोटीने आणलेली माती, सहा पोती,
सगळी गेली. दिवा लावला.

अकरा रात्री. अकरा वेळा लावला,
आणि विझवला असं एकदाही नाही.
मी दोनदा तपासलं. पहाटेचा रकाना कोरा.
विसरली असेल. भिंगाखालीच डोळा लागला असेल.
किंवा त्या अकरा दिवसांत
उजाडलं असं तिला वाटलंच नसेल.

खाली तांबड्या शाईत तपासनीस:
परकं हस्ताक्षर. कोबीची नोंद या वहीत नको.

तिचं नाव थर्झा.
ते मला दुसरीकडेच सापडलं, पिठाच्या पावतीवर.

रात्री दोनला सहा नंबरच्या खोलीत
मिस्टर ॲली मला पडदा वर करायला सांगतात.
जन्मभर शेवंडांचे पिंजरे ओढलेले हात,
आता चादरीवर, रिकामे.
लांब काळोखात शॅग लेज लुकलुकतं.
आत कुणी नाही. लिंबाएवढा दिवा,
सूर्यावर चालतो, त्याचा तो लागतो,
त्याचा तो गप्प बसतो.
मी दंडाला पट्टा गुंडाळते, ते मोजतात.
दहा सेकंदांनी एकदा.
आठ, नऊ, दहा.
आठ, नऊ, दहा.
मग अकरा. बारा. तेरा.
"धुकं आलं," ते म्हणतात,
आणि मोजत राहतात.

संगणकात मी नाडी भरली, ताप भरला.
तिथे याला रकाना नव्हता.
म्हणून भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर,
जिथे फक्त नर्सचं नाव आणि तारीख लिहायची असते,
त्याखाली बारीक लिहिलं:
जागे आहेत. समुद्राकडे तोंड. एकशे चाळीसपर्यंत मोजलं.

सात वाजता पाळी बदलली.
दुसरीने फळा पुसला, स्वतःचं नाव घातलं.
चांगली मुलगी आहे.
अक्षर टपोरं आहे तिचं.